वीस रुपयांची पोटगी

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी भगिनींच्या उपयोगी पडेल असे काही लिहावे, असे चिटणीसबाईंनी सुचविले. तेव्हा मला प्रथम आठवली ती आईची मनीऑर्डर. १९५८ साली कोर्टाने माझ्यासाठी दरमहा वीस रुपये पोटगी ठरवून दिली. मी तेव्हा दोन वर्षांची होते. मंगळवार पेठेतील आमच्या घरी पोस्टमन ते पैसे आणून देई. मी मॅट्रिकला बसले, त्या वर्षीही ते वीसच होते. कोणी विचारले तर आई म्हणे, "कोर्टानं लिहिलंय, ते का आपल्यानं बदलतंय?"

बदलता येत होते. आईला ते कोणी सांगितले नाही, एवढेच.

स्त्रियांचा कैवार घेणारा कायदा आपल्या कोल्हापुरास नवा नव्हता. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१९ सालीच स्त्रियांना क्रूरपणे वागविण्याविरुद्ध कायदा केला होता. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. आईने पोटगी मागितली ती १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेखाली. तिच्या ४८८ व्या कलमाने बायकामुलांना पोटगी मिळे. आणि लगतच्याच ४८९ व्या कलमात, परिस्थिती पालटल्याचे सिद्ध केल्यास रक्कम कमीजास्त करण्याची सोय होती. रकमेला मर्यादा मात्र असे. आरंभी ती महिना ५० रुपये होती. १९२३ साली १०० झाली व १९५५ साली ५००. म्हणजे आईच्या वीस रुपयांना वाढावयास जागा भरपूर होती. अडले होते ते केवळ एका अर्जावाचून.

१ एप्रिल १९७४ पासून नवी संहिता आली आणि ही कलमे १२५ व १२७ झाली. ५०० ची मर्यादा तशीच राहिली. महाराष्ट्राने ती १९९९ साली १,५०० केली, आणि २००१ साली ती देशभर काढूनच टाकण्यात आली. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिचे १४४ वे कलम पोटगीचे, व १४६ वे ती बदलण्याचे. आकडे पालटले, पण मूळ तत्त्व तेच राहिले.

कोर्ट आपण होऊन रक्कम वाढवीत नाही. मूल वाढले, शाळेची फी वाढली, आजारपण आले, वडिलांची मिळकत वाढली, तर ते अर्ज करून दाखवून द्यावे लागते. मिळकत घटल्यास वडीलही रक्कम कमी करून मागू शकतात, हेही ध्यानात असावे. ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही पक्षांनी आपले उत्पन्न व मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर सांगावी, असे घालून दिले आहे. त्यामुळे नवऱ्याचा पगार शोधीत फिरण्याचे बाईचे कष्ट पुष्कळ हलके झाले.

तेव्हा भगिनींनो, फीच्या पावत्या, औषधांची बिले, जुन्या हुकुमाची नक्कल एका पिशवीत जपून ठेवा. शेजारी एखादीच्या हाती जुनाच आकडा पडत असेल, तर तिला हे सांगा. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना विनामूल्य साहाय्य मिळते. एकटीला कोर्टाची पायरी चढवत नसेल, तर आपल्यापैकी कोणी तरी तिच्याबरोबर जावे. माझ्या आईबरोबर जावयास त्या वेळी कोणी नव्हते.