शालेय विद्यार्थ्यांच्या बाहुबल चाचण्या : एक ऐतिहासिक तुलना

प्रस्तावना
हात व खांद्यांच्या स्नायूंची ताकद आणि दमदारपणा मोजण्यासाठी शारीरिक शिक्षणात अनेक चाचण्या रूढ आहेत. मात्र ‘दुर्बल’ कोण, हे बऱ्याच अंशी निवडलेल्या चाचणीनेच ठरविले, असे अमेरिकेतील या चाचण्यांच्या इतिहासावरून दिसते.

पार्श्वभूमी
१९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रॉस-वेबर चाचण्यांच्या निष्कर्षांनुसार अमेरिकेतील ५७.९ टक्के, तर युरोपातील केवळ ८.७ टक्के मुले अनुत्तीर्ण ठरली. त्यातून १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी युवक सुदृढतेसाठी परिषद स्थापन केली. वस्तुतः या सहा चाचण्या धडाची ताकद व लवचीकता मोजणाऱ्या होत्या. त्यांत बाहुबलाची एकही चाचणी नव्हती. १९५८ च्या ‘आफर’ युवक सुदृढता चाचणीत मुलांसाठी पुल-अप्स व मुलींसाठी सुधारित पुल-अप्स आले. १९६५ मध्ये मुलींसाठी फ्लेक्स्ड आर्म हँग, म्हणजे हनुवटी बारच्या वर ठेवून लटकणे, स्वीकारण्यात आले.

चाचण्यांची तुलना
पुल-अपमध्ये संपूर्ण शरीरभार उचलावा लागतो. त्यामुळे ताकद समान असली तरी वजनदार विद्यार्थी मागे पडतो. १९८५ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ६ ते १२ वर्षांच्या मुलांपैकी ४० टक्के एकापेक्षा अधिक पुल-अप काढू शकले नाहीत. २५ टक्क्यांना एकही जमला नाही. शून्य गुण मिळालेल्यांमधील फरक अशी चाचणी दाखवू शकत नाही व त्यांची प्रगतीही नोंदवू शकत नाही. लटकण्याच्या चाचणीत सेकंद मोजले जातात, परंतु शरीरभाराची अडचण कायम राहते. सुधारित पुल-अपमध्ये टाचा जमिनीवर टेकलेल्या असल्याने भार कमी होतो. मात्र त्यासाठी स्वतंत्र चौकट लागते. फिटनेसग्राममधील पुश-अपमध्ये कोपर ९० अंशांत वाकवून मिनिटास २० या लयीत आवर्तने केली जातात. तिला साहित्य लागत नाही आणि शून्य गुणही कमी येतात. तथापि योग्य आवर्तन कोणते, याबाबत परीक्षकांत मतभेद संभवतात.

निष्कर्ष
२०१२ मध्ये अमेरिकेने अध्यक्षीय चाचणीऐवजी फिटनेसग्रामवर आधारित कार्यक्रम स्वीकारला. जुलै २०२५ च्या आदेशाने जुन्या चाचणीच्या पुनरुज्जीवनाचा निर्णय झाला. ‘आफर’ चाचणी भारतातील शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमातही शिकविली जाते. म्हणूनच शिक्षकांनी गुणांबरोबर चाचणीची मर्यादाही नोंदविणे आवश्यक ठरते. अन्यथा चाचणीतील उणीव विद्यार्थ्याच्या नावावर जमा होते.