रोझेलची मावशी: एका होस्ट फॅमिलीची १४० वर्षांपूर्वीची गोष्ट

मागच्या एपिसोडनंतर पाटणच्या एका मुलीचा व्हॉइस नोट आला. ती शिकायला जर्मनीला चाललीय आणि पहिले काही महिने एका तिथल्याच कुटुंबात राहणार आहे. तिचा प्रश्न साधा होता. "दादा, अनोळखी लोकांच्या घरात राहायचं म्हणजे नेमकं कसं? खायचं काय, बोलायचं काय? आई तर रोज रडतेय."

मी उत्तर टाइप करायला घेतलं आणि थांबलो. म्हटलं, यावर एपिसोडच करू. कारण आपल्याकडची एक मुलगी १८८३ सालीच अशी राहून आलीय. डॉ. आनंदीबाई जोशी. त्यांची डिग्री सगळ्यांना माहितीय. आज आपण त्या जिथे राहिल्या, त्या घराबद्दल बोलू.

गोष्ट सुरू होते आपल्या शेजारी. पाटणहून कराड गाठायचं आणि हायवेने खाली उतरायचं, की आलं कोल्हापूर. १८७८ मध्ये गोपाळराव जोशी तिथे पोस्टात नोकरीला होते. बायकोला शिकवायचंच, या हट्टाने त्यांनी वाइल्डर नावाच्या मिशनरींना पत्र लिहिलं. हे वाइल्डर आधी कोल्हापुरातच होते, नंतर अमेरिकेत परतून एक मासिक चालवत होते. त्यांनी ते पत्र मासिकात छापलं आणि खाली उत्तर दिलं. त्याचा सूर असा, की आधी ख्रिस्ती व्हा, मग बघू.

विषय तिथेच संपला असता. पण १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या. आपण अशा वेळी रील्स बघतो, त्यांनी समोर पडलेलं जुनं मासिक उचललं. त्यात ते पत्र होतं. घरी जाऊन त्यांनी थेट भारतात पत्र पाठवलं. धर्माची कसलीही अट नाही.

मग सुरू झाला पत्रव्यवहार. तोही तीन वर्षं! सणवार, चालीरीती, बालविवाह, आजारपण, सगळं त्या पत्रांत आहे. चेहरा न बघता आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायला लागल्या. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जून १८८३ मध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा वय होतं १८. नवरा सोबत नाही. पण ज्या घरात जायचं, तिथल्या बाईला त्या तीन वर्षं ओळखत होत्या.

आता रोजचं जगणं. आनंदीबाई शाकाहारी आणि निघण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरला त्यांनी भर सभेत सांगितलेलं, की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. म्हणजे पाहुणी आली ती स्वतःचे नियम घेऊनच. कार्पेंटरबाईंनी ते नियम पाळू दिले. जेवण शाकाहारी, अंगावर साडी, कपाळावर कुंकू. घरातल्या मुलांशी त्यांची गट्टी जमली.

पण सगळं जसंच्या तसं राहिलं असंही नाही. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, तिथल्या थंडीत ते कसं जमणार? मग त्या गुजराती पद्धतीने साडी नेसायला लागल्या. आज वाटेल, एवढंच ना! पण तेव्हा एवढ्याशा बदलाबद्दलही हजारो मैलांवरच्या नवऱ्याला पत्रातून समजावावं लागायचं. परक्या घरातली मावशी समजून घेत होती आणि आपल्या माणसाला मात्र खुलासे द्यावे लागत होते.

ऑक्टोबर १८८३ मध्ये फिलाडेल्फियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि रोझेलचं घर सुटलं. आता भाड्याची खोली. स्वयंपाक स्वतःचा स्वतः. खोलीतली शेकोटी नीट पेटायची नाही. धूर सहन करा नाहीतर गारठा. अभ्यास प्रचंड आणि पोटात पुरेसं अन्न नाही. तब्येत ढासळत गेली. नुसत्या खोलीमुळे आजार झाला असं मी म्हणणार नाही, तब्येत आधीपासूनच नाजूक होती. पण गरम ताट वाढणारं कुणी असणं आणि नसणं, यातला फरक हॉस्टेलवर राहिलेल्या प्रत्येकाला कळेल.

हे आपल्याला नवीनही नाही. आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे. सोमवारी एकाच्या घरी, मंगळवारी दुसऱ्याच्या. किती तरी मोठी माणसं त्या ताटांवर शिकली. पण वारात जात बघितली जायची, उपकाराची जाणीव करून दिली जायची आणि मुलींना तर ती सोयच नव्हती. रोझेलमध्ये एका मुलीला सातही वार एकच घर मिळालं.

११ मार्च १८८६ ला आनंदीबाई डॉक्टर झाल्या. नोकरी कुठे मिळाली माहितीय? कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये, स्त्रियांच्या विभागात. जिथून पहिलं पत्र गेलं, तिथेच! पण त्या रुजू होऊच शकल्या नाहीत. क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

त्यानंतर गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी पाठवल्या कार्पेंटरबाईंकडे. मावशीने न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी इथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना जागा दिली. तो दगड आजही तिथे आहे.

तर पाटणच्या ताई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. जायच्या आधीच त्या घराशी बोलायला लाग. फक्त वायफाय आणि भाड्याबद्दल नको. तू काय खातेस, कशाला घाबरतेस, तुझी आई का रडतेय, हेही सांग. स्वतःचे नियम आधीच स्पष्ट सांग, त्यात कमीपणा नाही. आणि एखादी गोष्ट तिथे बदलावी लागली, तर अपराधी वाटून घेऊ नकोस. आनंदीबाईंनीही साडीची पद्धत बदलली होती.

आणि बाकीच्यांनो, आज घरी आजी-आजोबांना विचारा, आपल्या घरी कुणी वारावर जेवायला यायचं का? किंवा आपल्यातलं कुणी असं जेवून शिकलं का? उत्तर रेकॉर्ड करून पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू. भेटूया!