अंगरख्याखालचे खंजीर

अमेरिकेतील टेक्सास राज्याने २०१९ साली आपला कायदा बदलला. प्रार्थनामंदिराने स्वतः मनाई केली नसेल, तर परवानाधारकास पिस्तूल लपवून उपासनेला बसण्याची मोकळीक त्याने दिली. भाविकांच्या रक्षणासाठी हे हवे, असे समर्थक म्हणतात. आम्हाला मात्र इटलीतील फ्लॉरेन्सचे कॅथेड्रल आठवते. कारण तेथे शस्त्र लपवून नेणाऱ्यांत दोन धर्मगुरू होते.

फ्लॉरेन्सवर मेदिची घराण्याचे वर्चस्व होते. ते मोडण्यासाठी पात्सी हे सावकारी घराणे, पीसाचे महागुरू साल्वियाती आणि पोप चौथे सिक्स्तुस यांचे भाचे जिरोलामो रियारिओ एकत्र आले. लोरेन्झो व ज्युलिआनो या मेदिची बंधूंना मेजवानीत गाठण्याचा बेत ज्युलिआनोच्या गैरहजेरीमुळे फसला. मग रविवार, २६ एप्रिल १४७८ रोजीच्या मिस्साची वेळ ठरली.

लोरेन्झोला मारण्याचे काम मोन्तेसेक्को या कसलेल्या शिपायाकडे होते. मेजवानीत खून करण्यास तो राजी होता. परंतु विश्वासघाताला देवद्रोहाची जोड देण्याचे धैर्य आपल्याला नाही, असे सांगून त्याने देवळात हात उचलण्यास नकार दिला, असे माकियावेलीने लिहून ठेवले आहे. त्याची जागा दोन धर्मगुरूंनी घेतली! शिपायाला मंदिराचा धाक वाटला. नित्य वेदीपाशी वावरणाऱ्यांना तो उरला नव्हता. हे लिहिताना आमची लेखणी अडखळते.

ज्युलिआनोला घरून आणताना फ्रान्चेस्को पात्सीने त्याला प्रेमाने कवटाळले. अंगात चिलखत आहे काय, हे चाचपण्यासाठी. मिस्सा चालू असतानाच खंजीर बाहेर आले. ज्युलिआनो जागीच ठार झाला. धर्मगुरूंचा वार लोरेन्झोच्या मानेला चाटून गेला, आणि त्याने पूजावस्त्रांच्या खोलीत शिरून दारे लावून घेतली.

शहराचा सूड भयंकर होता. महागुरू साल्वियातींना राजवाड्याच्या खिडकीतून फाशी दिले गेले, दोन्ही धर्मगुरूही फासावर गेले, ४ मे रोजी मोन्तेसेक्कोचा शिरच्छेद झाला. पोपमहोदयांना सत्तांतर हवे होते, कोणाचा मृत्यू नको होता, असे त्याच्या जबानीत आहे. शस्त्रधाऱ्यांना एवढाच निरोप देऊन भागते काय? महागुरूंच्या फाशीबद्दल पोपमहोदयांनी लोरेन्झोला बहिष्कृत केले व शहरातील धर्मविधींवर बंदी घातली. पुढे युद्धही झाले. ऑगस्ट १४८० मध्ये तुर्कांनी ओत्रान्तो घेतले तेव्हा तडजोडीची निकड भासली, आणि त्या डिसेंबरात फ्लॉरेन्सच्या दूतांनी रोममध्ये गुडघे टेकल्यावर ती बंदी उठली.