उघड्या दाराने जाणारं खत

कल्हईवाला भांडं तापवून त्यावर नवसागराची चिमूट टाकायचा, तेव्हा उठणारा पांढरा धूर आणि नाकात शिरणारा तो झणका ज्यांना आठवतो, त्यांना अमोनियाची वेगळी ओळख करून द्यायला नको. नवसागर तापला की फुटतो आणि त्यातला अमोनिया मोकळा होतो. अमोनिया हे नावही नवसागराच्याच जुन्या लॅटिन नावावरून पडलेलं आहे. पहाटे गोठ्यात शिरणाऱ्या माणसाला हाच झणका भेटतो. गोमूत्र साचलेली जागा, बरेच दिवस न उपसलेला ढीग, दमट हवा. इथून काहीतरी उडून चाललंय एवढं नाकाला कळतं.

उडून जाणारं ते काहीतरी म्हणजे पिकाचं अन्न आहे, हे रसायनशास्त्राने ठामपणे सांगितलं ते एकोणिसाव्या शतकात. १८४० साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांचं शेतीच्या रसायनावरचं गाजलेलं पुस्तक आलं. गोठ्याच्या जमिनीवर अधूनमधून जिप्समची भुकटी पसरा, असा सल्ला त्यात आहे. कारण साधं होतं. मूत्रातून तयार होणारं अमोनियम कार्बोनेट हवेत उडून जातं. जिप्समशी गाठ पडली की त्याचं अमोनियम सल्फेट होतं आणि ते उडत नाही. वासही गेला आणि खतही राहिलं. लीबिग यांची शेतीबद्दलची काही मतं पुढे टिकली नाहीत, पण हा सल्ला टिकला.

आता प्रश्न असा पडतो की, जी गोष्ट पावणेदोनशे वर्षांपूर्वी गोठ्यात कळली होती, ती भाताच्या खाचरात कळायला विसाव्या शतकाची अखेर का जवळ यावी लागली? आजचं बोलणं त्या उशिराबद्दल आहे.

आधी युरियाकडे येऊ. मूत्रातून हा पदार्थ १७७३ मध्ये फ्रान्सच्या रुएल यांनी वेगळा काढला. १८२८ मध्ये फ्रीडरिश व्होलर यांनी तो प्रयोगशाळेत बनवला आणि मूत्रपिंडाची मदत न घेता आपण युरिया करू शकतो, असं आपल्या गुरूंना, बर्झेलियस यांना, मोठ्या हौसेने कळवलं. सजीवांच्या शरीरातले पदार्थ माणसाला बनवता येतात, ही त्या काळी खळबळीची गोष्ट होती. पण युरियाचं खत व्हायला जवळजवळ शंभर वर्षं जायची होती. हवेतल्या नत्रापासून अमोनिया बनवण्याची हाबर यांची युक्ती बॉश यांनी १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊच्या कारखान्यात मोठ्या प्रमाणावर चालवून दाखवली आणि १९२२ पासून त्याच ठिकाणी अमोनिया व कर्बवायू यांपासून युरिया निघू लागला.

युरिया स्वतः उडत नाही. गोणी फोडून मूठभर दाणे हुंगून पाहा, झणका येणार नाही. मग ओल्या मातीवर पडल्यानंतर एक-दोन दिवसांत अमोनिया येतो कुठून?

त्याचं उत्तर एका शेंगेत सापडलं. अमेरिकेत जॅक बीन नावाची एक शेंग आहे, आपल्याकडच्या अबईची सख्खी चुलत बहीण. तिच्या दाण्यांत युरियाचे तुकडे करणारं विकर भरपूर असतं. त्याला युरिएज म्हणतात. कॉर्नेल विद्यापीठातले जेम्स समनर १९१७ पासून ते शुद्ध रूपात मिळवायच्या मागे लागले होते. हे गृहस्थ जन्माने डावखुरे आणि सतराव्या वर्षी शिकारीत गोळी लागून नेमका डावाच हात गेलेला. उजव्या हाताने सगळं नव्याने शिकून त्यांनी प्रयोगशाळा धरली. नऊ वर्षांच्या खटपटीनंतर १९२६ मध्ये त्यांना युरिएजचे स्फटिक मिळाले आणि विकर हे प्रथिन असतं, असं त्यांनी जाहीर केलं. जर्मनीतल्या विल्श्टेटर यांच्यासारख्या नामवंतांना ते पटेना. समनर यांना नोबेल मिळालं ते १९४६ मध्ये, तेही दोघांबरोबर वाटून. या माणसावर मराठीत एखादं छोटं चरित्र यायला हरकत नाही.

हे विकर काही एकट्या शेंगेची मिरास नव्हे. मातीतले असंख्य जिवाणू आणि बुरश्या ते तयार करतात, कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यावर तर ते भरपूर असतं. युरियाचा दाणा ओल्या जमिनीवर विरघळला की युरिएज त्याच्यावर तुटून पडतं. एका रेणूतून अमोनियाचे दोन आणि कर्बवायूचा एक रेणू निघतो. या घडामोडीत दाण्याभोवतीच्या मातीचा सामू झपाट्याने वर चढतो. पुढचं सगळं या सामूवर ठरतं. पाण्यात अमोनियाची दोन रूपं असतात. एक विद्युतभारित अमोनियम, ज्याला चिकणमाती धरून ठेवते. दुसरं नुसता वायू, ज्याला कोणी धरत नाही. सामू सात असेल तर वायूचा वाटा शंभरात एकही नसतो. आठ झाला की पाच, आणि नऊ झाला की तिसऱ्या हिश्शाहून जास्त. म्हणजे युरिया आपलं पळून जायचं दार आपणच उघडतो. जमीन मुळात आम्लधर्मी असली तरी दाण्याभोवतीच्या त्या बोटभर जागेत तिचं फारसं चालत नाही.

मी मृदाशास्त्र शिकवत होतो तेव्हा दर वर्षी एक प्रयोग मुलांना करायला लावायचो. दोन बरण्यांत तीच ओलसर काळी माती. एकीत चिमूटभर युरिया वर भुरभुरायचा, दुसरीत तेवढाच चार बोटं खोल पुरायचा. झाकणाला आतून ओला तांबडा लिटमस कागद चिकटवायचा. दोन दिवसांत पहिल्या बरणीतला कागद निळा व्हायचा, दुसरीतला तांबडाच राहायचा. खोल पुरलेल्या खतातूनही अमोनिया निघतोच, पण वर यायच्या वाटेत त्याला माती पकडते. मुलं शेतकऱ्यांची असत. एक जण दर वर्षी हमखास विचारायचा, "सर, मग आम्ही वरून का फेकतो?"

त्याचं उत्तर थोडं इतिहासात आहे. स्वतंत्र भारताचा पहिला मोठा सरकारी खत कारखाना सिंद्रीचा. तिथे १९५१ मध्ये उत्पादन सुरू झालं ते युरियाचं नव्हे, अमोनियम सल्फेटचं. त्यात नत्र शेकड्याला २१. युरियात ४६. रेल्वेच्या एका वाघिणीत दुपटीहून जास्त नत्र जात असेल, तर कोण कशाला सल्फेट वाहील? सिंद्रीनेही पुढे युरिया काढला, १९६५ मध्ये तुर्भ्याचा म्हणजे ट्रॉम्बेचा कारखाना सुरू झाला आणि हरितक्रांतीच्या वर्षांत युरिया म्हणजेच खत अशी समजूत गावोगाव पक्की झाली. गोणी बदलली, टाकायची पद्धत मात्र सल्फेटचीच राहिली. पण सल्फेट आणि युरिया यांचे स्वभाव वेगळे. चुनखडीच्या जमिनी सोडल्या, तर सल्फेट वरून फेकलं तरी फारसं उडत नाही. युरिया उडतो.

नेमकी हीच गल्लत शास्त्रातही झाली. भाताच्या चिखलात नत्र का हरवतं, याचा उलगडा जपानमध्ये शिओइरी यांनी १९३०-४०च्या दशकांत केला होता. खाचरातल्या मातीचा वरचा पातळ थर हवेशीर, खालचा कोंडलेला. वरच्या थरात अमोनियमचं नायट्रेट होतं, ते खाली झिरपतं आणि तिथले जिवाणू त्याचं नत्रवायूत रूपांतर करून टाकतात. म्हणून खत वर न टाकता चिखलात पूर्ण मिसळा, असं त्यांनी सांगितलं. हे विवेचन अचूक होतं, पण त्यांच्या समोर होतं ते अमोनियम सल्फेट. पुढे आशियाभर युरिया आला, तरी नत्र हरवलं की बोट त्याच चोराकडे दाखवलं जाई. अमोनियाची चोरी किरकोळ मानली जाई, कारण भाताची जमीन पाण्याखाली गेली की तिचा सामू सातच्या आसपास येतो आणि सातला अमोनिया उडत नाही.

यात एकच गोष्ट सुटली होती. सामू मोजला जात होता मातीचा, खत पडत होतं पाण्यात.

फिलिपिन्समधल्या लॉस बान्योसच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत मिकेल्सन, आयआर-८ या जातीच्या चाचण्यांमुळे नाव झालेले सुरजित डे दत्ता आणि त्यांचे सहकारी यांनी खाचरातलं उभं पाणी दिवसभर तपासलं. त्यांचं काम १९७८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्या पाण्यात शेवाळ असतं. ऊन चढलं की शेवाळ पाण्यातला कर्बवायू शोषून घेतं आणि पाण्याचा सामू दुपारी नऊच्या पुढे, कधी दहाच्या जवळ जातो. रात्री तो पुन्हा खाली येतो. म्हणजे चोरी भर दुपारी होत होती आणि शेवाळाला खाऊ घालत होता तो युरियाच.

तरीही किती जातं हा प्रश्न होताच. खाचरावर पेटी पालथी घालून आतला अमोनिया मोजला, तर आकडा कमी येई, कारण पेटीत वारा नसतो आणि अमोनिया न्यायला वारा लागतो. मग वाऱ्याच्या वाटेत, वेगवेगळ्या उंचीवर हवा ओढून घेणाऱ्या नळ्या लावून मोजणी होऊ लागली. या पद्धतीत ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांचा मोठा हात होता. १९८०च्या दशकात अशा मोजण्यांत काही खाचरांतून टाकलेल्या युरियातलं चाळीस टक्क्यांहून जास्त नत्र थोड्याच दिवसांत हवेत गेलेलं दिसलं. सगळीकडे एवढं जात नाही. जगभरच्या मोजण्या पाहिल्या, तर दहा-वीस टक्के ही सर्वसाधारण गोष्ट आहे. गेलेला अमोनिया हवेत आम्लांशी संयोग पावून सूक्ष्म कण बनतो किंवा पावसाबरोबर भलत्याच जागी उतरतो. उपग्रहांच्या नकाशात गंगेचं खोरं अमोनियाने ठळक रंगलेलं दिसतं. त्यात खताबरोबर गुराढोरांचाही वाटा आहे.

इलाज नवा शोधायचा नव्हताच. कोरडवाहू शेतात युरिया टाकून लगेच कोळपं फिरवलं किंवा मागोमाग चांगली सर आली तर दार बंद होतं. वाईट काय, तर दव किंवा शिंतोडा. तेवढ्या ओलीने दाणा विरघळतो, पण खाली जात नाही. भातासाठी मात्र वेगळी तजवीज लागली. अमेरिकेतल्या मसल शोल्स इथल्या खत विकास केंद्रात युरियाच्या मोठ्या गोळ्या करून त्या चिखलात खोल दाबण्यावर बरंच काम झालं. त्यात आपले डॉ. एन. के. सावंत होते. त्यांचंच नाव कोकणात चारसूत्री भात लागवडीशी जोडलेलं आहे. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख, चिखलणीत गिरिपुष्पाचा पाला, जोडओळीत नियंत्रित लावणी आणि चौथं सूत्र गोळीचं. युरिया आणि डीएपी साठ-चाळीस प्रमाणात दाबून केलेली २.७ ग्रॅमची गोळी दर चार चुडांच्या मध्ये सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची, लावणीच्याच दिवशी. पुढे वरखताची गरज नाही. बांगलादेशात हीच कल्पना 'गुटी युरिया' म्हणून गावोगाव पोचली.

मधल्या काळात आपल्याकडे युरियाला कडुनिंबाचं तेल लागलं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून यावर प्रयोग झाले होते आणि २०१५ मध्ये देशात बनणाऱ्या सगळ्या युरियाला निंबाचा लेप सक्तीचा झाला. निर्णय चांगला होता, पण त्याची जी जाहिरात झाली ती माझ्या मते अर्धी होती. निंब अडवतो तो अमोनियमचं नायट्रेट होणं, म्हणजे शिओइरी यांनी दाखवलेलं दार. युरिएजला अडवणं हे त्याचं मुख्य काम नाही. उलट अमोनियम जास्त काळ तसंच राहिलं आणि खत वरच पडलेलं असलं, तर अमोनियाचं दार थोडं जास्तच उघडं राहतं. युरिएजला रोखणारी औषधं वेगळी आहेत. जर्मनीने २०२० पासून नियम केला की युरियात असं औषध तरी हवं, नाहीतर टाकल्यापासून चार तासांच्या आत तो मातीआड तरी गेला पाहिजे.

आपल्याकडे पंचेचाळीस किलोची गोणी पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते. खरी किंमत याच्या कितीतरी पट, ती सरकार भरतं. त्यामुळे उडून गेलेला युरिया शेतकऱ्याच्या खिशाला फारसा बोचत नाही. पीक पिवळं दिसलं की तो आणखी अर्धी गोणी फेकतो. चारसूत्रीचा हिशेब उलटा आहे. हेक्टरी गोळ्या लागतात ६२,५००. प्रत्येक गोळीसाठी एकदा वाकायचं आणि चिखलात बोटं घालायची. लावणीच्या घाईत हे काम येतं बायकांच्याच वाट्याला, आणि एका बाईची दिवसाची मजुरी आज युरियाच्या गोणीहून कमी नाही. गोळ्या दाबणारी हातयंत्रं निघाली आहेत, पण कोकणातल्या चिमुकल्या दळ्यांत आणि खोल चिखलात ती अडखळतात. मग पहिल्या हंगामात मोठ्या उत्साहाने गोळ्या खोचणारी कुटुंबं तिसऱ्या-चौथ्या हंगामात पुन्हा बांधावर उभं राहून युरिया फोकायला लागलेली मी पाहिली आहेत. चौथं सूत्र आम्हाला पटलंय, पण तेवढे हात कुठून आणायचे, असं ती सांगतात.