परवान्याचा गांजा आणि गुन्ह्याचा शोध

ब्रिटिश अमलात हिंदुस्थानात गांजा उघडपणे, परवान्याने विकला जाई. मुंबई इलाख्यात त्याची लागवड मुख्यतः अहमदनगर आणि सातारा जिल्ह्यांत होती, मध्य प्रांतात खांडव्याच्या आसपास, तर बंगालमध्ये नौगावच्या पट्ट्यात. पीक मोठ्या निगराणीचे. शेतातली नर झाडे वेळीच उपटून काढावी लागत. एखादे जरी राहिले तरी मादी झाडांना बी धरे आणि मालाची प्रत उतरे. नौगावकडे नर झाड ओळखण्यासाठी खास जाणकार माणूस बोलावीत. नगरकडे तोडलेले तुरे वाळवून, थर लावून पायांनी तुडवीत. पुढे माल वजन करून सरकारी देखरेखीखालच्या वखारीत जाई. तिथून कर भरून दुकानदार तो उचलत आणि दुकानाचा परवाना बहुधा लिलावात निघे.

या व्यवस्थेतही गुन्हे होतेच, पण ते बहुतेक कराचे होते: परवान्याविना विक्री, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त साठा, कमी कराच्या मुलखातून जास्त कराच्या मुलखात चोरून ने-आण. चिलीम ओढणारा बैरागी किंवा दिवसभराच्या कष्टानंतर दोन झुरके घेणारा मजूर कायद्याच्या लेखी गुन्हेगार नव्हता.

तरीही गांज्याने माणूस वेडा होतो, खून करतो, असा बोलबाला होता. मद्यपानविरोधी चळवळीतले खासदार विल्यम केन यांनी 1893 मध्ये ब्रिटिश संसदेत हा प्रश्न काढला. त्याच वर्षी सरकारने मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांचा आयोग नेमला. त्यात तिघे भारतीय होते. प्रांतोप्रांती फिरून आयोगाने 1,193 साक्षी नोंदवल्या.

आयोगाचे मोठेपण त्याच्या पद्धतीत आहे. साक्षीदारांनी सांगितलेल्या हकिकती आयोगाने तशाच उतरवून घेतल्या नाहीत, मुळातली कागदपत्रे मागवली. वेड्यांच्या इस्पितळांच्या 1892 सालच्या नोंदींत 222 रुग्णांच्या वेडाचे कारण गांजा-भांग असे लिहिले होते. एकेक प्रकरण तपासल्यावर 98 उरले. बाकीच्या अनेकांच्या बाबतीत दुसरे काही कारण सापडले नाही म्हणून गांजा लिहून टाकलेला होता. हाच दंडक गुन्ह्यांनाही लावला. आधी बेत करून केलेला गुन्हा आणि नशेच्या भरात अचानक केलेली मारहाण यांत आयोगाने भेद केला. बेताने केलेल्या गुन्ह्यांशी गांज्याचा संबंध जवळजवळ नाही. अतिरेकी सेवनाने हिंसा घडू शकते, पण क्वचित, असा निष्कर्ष निघाला.

1894 च्या अहवालाने सरसकट बंदी नाकारली. बंदी घातली तर लोक दारूकडे किंवा धोतऱ्यासारख्या जास्त घातक वस्तूंकडे वळतील, ही भीती त्यामागे होती. लागवड मोजक्या जागी आणावी, कर वाढवावा, दुकाने कमी करावीत, जवळ बाळगायच्या मालाला मर्यादा घालावी, अशा शिफारशी झाल्या. आयोगाचे सदस्य राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद यांनी मात्र भिन्न मत नोंदवले. एकमत झाले नाही, ही गोष्ट अहवालाचा हवाला देणारे बहुधा विसरतात.

पुढे धोरण पालटले ते गुन्ह्यांच्या नव्या तपासणीमुळे नव्हे. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने गांज्यालाही कवेत घेतले. 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार वैद्यकीय व शास्त्रीय कारणांखेरीजचा वापर 25 वर्षांत संपवायचा होता. त्यातून 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा आला. त्यात गांज्याच्या व्याख्येत तुरे आले, पण तुऱ्यांशिवायची पाने आणि बिया वगळल्या गेल्या. म्हणून पानांची भांग राज्यांच्या अखत्यारीत राहिली. सेवन करणे, जवळ बाळगणे हेही आता फौजदारी गुन्हे झाले. 2001 च्या दुरुस्तीने शिक्षा वजनावर ठरू लागली. गांज्यासाठी 1 किलोपर्यंतचा साठा अल्प आणि 20 किलोच्या वरचा व्यापारी मानला जातो; व्यापारी साठ्याला किमान 10 वर्षांची सक्तमजुरी आहे.