प्रबंधाची शिस्त

मुंबईहून बडोद्याकडे जाणाऱ्या लोहमार्गाला सुरतेच्या अलीकडे उधना येथे एक फाटा फुटतो. तो पूर्वेकडे वळून नंदुरबार, अमळनेरवरून जळगावला जातो. तापीच्या खोऱ्यातील याच मार्गाने खानदेशातील असंख्य कुटुंबे पोटासाठी उधन्यास आली, यंत्रमागांवर राबली आणि तेथेच स्थिरावली. त्याच उधन्याहून मगदल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर १९६७ मध्ये स्थापन झालेले आणि २००४ पासून वीर नर्मद यांचे नाव धारण करणारे दक्षिण गुजरात विद्यापीठ आहे. माग चालविणाऱ्याची कन्या तेथे एम. ए. चा प्रबंध लिहावयास बसते, तेव्हा विषयाच्या आधी नियमच तिच्यापुढे उभे राहतात : शीर्षकपृष्ठ, मार्गदर्शकाचे प्रमाणपत्र, बांधणीसाठी डावीकडे सोडावयाचा रुंद समास, तळटीपा, संदर्भसूची. हा सारा निव्वळ उपचार आहे, असे तिला वाटल्यास नवल नाही. परंतु या उपचारालाही इतिहास आहे.

मध्ययुगीन युरोपातील विद्यापीठांत प्रबंध हा मुळी लिहावयाचा नसून बोलावयाचा होता. विद्यार्थ्याने एक सिद्धान्त मांडावा आणि आक्षेप घेणाऱ्या पंडितांसमोर तो राखावा, अशी रीत होती. एकोणिसाव्या शतकात जर्मन विद्यापीठांनी स्वतंत्र संशोधनावर भर दिला. तेव्हापासून वाद सभागृहातून कागदावर आला आणि प्रतिपक्षाला द्यावयाचे उत्तर तळटिपेत जाऊन बसले. १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ आरंभी मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था होते. संशोधनाची ही शिस्त आपल्याकडे रुजण्यास पुढे बराच काळ जावा लागला.

ही शिस्त किती कठोर असते, याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्राच्याच एका सुपुत्राचे आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या भीमराव आंबेडकरांनी १५ मे १९१५ रोजी एम. ए. साठी एक प्रबंध सादर केला. विषय होता ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि अर्थव्यवहार. १६१३ मध्ये सुरतेत वखार घालून व्यापारी म्हणून पाय रोवणाऱ्या कंपनीची पुढे राज्यसत्ता झाली. तिचे भागीदार आणि संचालक कारभार कसा पाहत, जमीनमहसूल, मीठ व अफू यांतून उत्पन्न कसे येई, आणि तिच्या कर्जाचा बोजा अखेर कोणाच्या माथी बसला, याचा हिशेब त्यांनी मांडला. चोवीस वर्षांच्या तरुणाने साम्राज्याचा जमाखर्च तपासला तो घोषणांच्या बळावर नव्हे, तर आकड्यांच्या आधारावर. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या समग्र लेखनात हा प्रबंध १९८९ मध्ये छापून आला.

पुढची वाट सोपी नव्हती. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपून ते स्वदेशी परतले. मागाहून येणारे त्यांचे ग्रंथ मात्र महायुद्धातील पाणतीराने जहाजासह समुद्रात बुडविले. त्या सामानाची जी नुकसानभरपाई मिळाली, तिच्यातून प्रवासखर्च भागवून ते सप्टेंबरमध्ये नोकरीसाठी बडोद्यास गेले. त्यांची गाडी याच उधन्यावरून गेली. प्रबंधाच्या छापील प्रती दिल्यावाचून डॉक्टरची पदवी द्यावयाची नाही, असा कोलंबियाचा दंडक होता. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये लंडनला छापला गेला आणि पदवी १९२७ मध्ये मिळाली. छपाईचा नियम वरवर लहान, पण निर्धनाला तो वर्षानुवर्षे अडवून धरू शकतो, हे येथे दिसते. तो ग्रंथ त्यांनी सयाजीराव महाराजांनाच अर्पण केला.

दुसरा प्रसंग लंडनचा. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध त्यांनी ऑक्टोबर १९२२ मध्ये सादर केला. त्यातील ब्रिटिश चलननीतीवरील टीका परीक्षकांना बोचली आणि त्यांनी पुनर्लेखन सुचविले. हाती पैसा उरला नव्हता, म्हणून आंबेडकर १९२३ मध्ये मुंबईस परतले. येथे बसून त्यांनी भाषा सौम्य केली, निष्कर्ष मात्र तसेच ठेवले. त्याच वर्षी प्रबंध मान्य झाला आणि ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाला. रूप बदलावे, सत्य बदलू नये, हा प्रबंधलेखनाचा धर्म याहून स्पष्ट कोणत्या प्रसंगाने शिकवावा ?

मधल्या काळात टंकलेखन यंत्र आले. एका चुकीसाठी अख्खे पान पुन्हा टंकित करावे लागे आणि कार्बनची शेवटची प्रत जेमतेम वाचता येई. आज संगणक समास क्षणात आखून देतो. मोह मात्र वाढला आहे. दुसऱ्याचे परिच्छेद उचलणे इतके सोपे झाले की, विद्यापीठ अनुदान आयोगाला २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम करावे लागले. त्यांत साम्य दहा टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही, त्यापुढे प्रमाणानुसार शिक्षा आहे. तथापि यंत्र साम्य मोजते, प्रामाणिकपणा मोजत नाही.

तळटीप म्हणजे ऋणाची कबुली होय. हे मी अमक्याकडून घेतले, हे माझे स्वतःचे, आणि पाहिजे त्याने ताडून पाहावे, एवढेच ती सांगते. मागावर ताणा सरळ नसेल, तर बाणा कितीही रंगीत असला तरी कापड उभे राहत नाही. उधन्याच्या त्या घरात हे कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. वडिलांनी जन्मभर सूत सरळ राखले. कन्येने आता वाक्य आणि त्याचा आधार सरळ राखावयाचा आहे.