पतंगवर्गीय किडींची जनुकीय ओळख (खानदेश)

पिकावरील पतंगाची, अळीची किंवा अंड्याची जात डीएनएवरून ठरवण्याची पद्धत. जळगाव-धुळे भागात ती मुख्यतः कापूस व मक्याच्या संदर्भात येते.

पद्धत : तंतुकणिकेतील सीओआय जनुकाचा 658 बेसजोड्यांचा तुकडा पीसीआरने वाढवून त्याचा क्रम संदर्भसंग्रहाशी ताडतात. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट यांनी 2003 मध्ये हा 'बारकोड' पुढे आणला. कामगंध सापळ्याच्या चिकट पृष्ठावर पतंग फडफडून खवले झडतात, पंखांवरची खूण पुसते. तरी एक पाय चिमट्याने उचलून अल्कोहोलमध्ये ठेवला की काम भागते.

गुलाबी बोंडअळी (पेक्टिनोफोरा गॉसिपिएला) : भडोचच्या कापसावरील नमुन्यांवरून सॉन्डर्स यांनी 1840च्या दशकात वर्णिलेली जात. खानदेशात तिचे नाव ठरवायला प्रयोगशाळा लागत नाही; पाकळ्या गुंतून मिटलेली डोमकळी उकलली की अळी दिसते (लहानपणी ती पांढरट असते, गुलाबी नव्हे). मे महिन्यात ठिबकवर लावलेला पूर्वहंगामी कापूस तिला लवकर फुले पुरवतो, तर फरदड उशिरापर्यंत बोंडे. येथे जनुकतपासणीचे मोल बीटी पचवणारी अळी हुडकण्यात आहे. भारतात बीटी कापूस 2002 मध्ये आला, दोन विषजनुकांचा बीजी-2 वाण 2006 मध्ये. भारतातील प्रतिकारक अळ्यांत कॅडहेरिन जनुकाची 8 बिघडलेली रूपे आढळल्याचे 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. बीजी-2मधील क्राय2एबी विषाला दाद न देण्यामागे एबीसीए2 जनुकातील बिघाड पुढे दिसला. बिघाड इतके नाना तऱ्हेचे की एकाच डीएनए चाचणीत साऱ्या प्रतिकारक अळ्या सापडतील असे नाही.

अमेरिकन लष्करी अळी (स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा) : भारतात प्रथम मे 2018 मध्ये, कर्नाटकातील शिवमोग्गा भागात मक्यावर, त्याच वर्षी महाराष्ट्रात. मक्याच्या पोंग्यातील मोठी अळी डोक्यावरील उलट्या 'वाय'ने व शेपटीकडील चार ठिपक्यांच्या चौकोनाने ओळखू येते, कोवळी येत नाही. भारतीय नमुन्यांत सीओआय बहुधा या जातीचा 'भात' गट दाखवतो, टीपीआय जनुक मात्र 'मका' गट. सीओआय केवळ आईकडून येतो, त्यामुळे संकरात बापाची बाजू झाकली जाते. हे दोन गट कितपत वेगळे मानावेत, यावर एकमत नाही.

घाटेअळी (हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा) : कापूस, तूर, हरभऱ्यावर येते; अळीच्या रंगावरून जात ठरवू नये.